कयाकला एकही भोक न पाडता गळाचं सामान कसं बसवावं?

मालाडकर | शनिवार, रात्री १०.१५

मंडळी, मदत हवी आहे. आधी परिस्थिती सांगतो, म्हणजे "ड्रिल मारून मोकळा हो" असे प्रतिसाद येणार नाहीत.

कयाक माझी नाही, साडूंची आहे. ते दोन वर्षांसाठी मस्कतला गेलेत आणि कयाक आमच्या पार्किंगमध्ये भिंतीला टांगलेली आहे. (सेक्रेटरींनी तिला दोनदा "ही बाथटब कोणाची?" असं विचारून झालंय.) दहा फुटी, पॉलिथिलीनची, वरती बसायची, वजन सत्तावीस किलोच्या आसपास. जाताना साडू एवढंच म्हणाले, "वापरा हवी तेवढी, पण तिला भोक पाडू नका." इंजिनियर माणूस आहे, परत आल्यावर टॉर्च घेऊन बघतील.

गेले चार रविवार मार्वेहून मनोरीच्या खाडीत गरवायला जातोय. कयाक मुळात नुसती हिंडायची, गळाच्या सामानाचा विचार तिच्यात केलेलाच नाही. एक रॉड मांडीखाली, दुसरा दोन पायांमध्ये. गळांची डबी घसरत घसरत टाचेखाली जाते आणि पक्कड सापडेपर्यंत मासा घरी पोचलेला असतो. जमेची बाजू म्हणजे मागे एक खोलगट जागा आणि तिच्यावर बंजी दोरी, दोन्ही काठांना स्क्रूने बसवलेल्या चार-चार कड्या, पुढे-मागे हँडल, आणि पाणी निघून जायला सहा स्कपर भोकं.

गेल्या रविवारी ऑनलाइन मागवलेला सक्शन कपवाला रॉड होल्डर लावला. घरी फरशीवर लावून बघितला तेव्हा दोन हातांनी निघेना. खाडीत पाऊण तास टिकला. शिंगाळ्याने ओढ दिली, फट् असा आवाज आला आणि रॉड, रीळ, होल्डर, कप सगळं एकत्र पाण्यात. रीळ बायकोने वाढदिवसाला दिलेलं होतं. तिला अजून सांगितलेलं नाही.

एपॉक्सीने चिकटवलं तर चालेल का? की दोन्ही बाजूंनी चिकटणारी ती जाड टेप?

---

तंगूस | शनिवार, रात्री १०.४०

शिंगाळा हाताने सोडवायला गेला नाहीत हे बरं झालं. त्याच्या पराचा काटा लागला की दिवसभर हात ठणकतो.

सक्शन कप काचेसाठी असतो. कयाकचा पृष्ठभाग हात फिरवून बघा, बारीक दाणेदार लागेल. कपाखाली हवा शिरायला तेवढं पुरतं, वर मीठ आणि ऊन. फरशीवर टिकला कारण फरशी गुळगुळीत.

---

पाईपफिटर | रविवार, सकाळी ७.०५

चिकटवण्याचा विचार डोक्यातून काढून टाका. गोंदाची पांढरी बाटली आठवा. तोंडावर वाळलेला गोंद नखाने सोलला तर अख्खा पापुद्रा निघून येतो ना? ती बाटली आणि तुमची कयाक एकाच जातीच्या प्लास्टिकची. पॉलिथिलीनला काहीच धड धरत नाही, ना एपॉक्सी, ना सिलिकॉन, ना टेप. ज्योत फिरवून पृष्ठभाग तयार केला तर पकड वाढते, पण परक्याच्या कयाकवर ब्लोटॉर्च फिरवणार आहात का? आणि समजा चिकटलंच, तर ते काढताना डाग राहणार. साडूंच्या टॉर्चला तेही दिसेल.

आता दुसरी गोष्ट, जी बहुतेक लोक लक्षात घेत नाहीत. रॉड होल्डरला वजन उचलायचं नसतं, त्याला पिळवटणं सहन करायचं असतं. रॉड सात फुटी म्हणजे दोन मीटरच्या पुढे. टोकाला दोन किलोची ओढ आली आणि रॉड वाकून ती ओढ बुडापासून एक मीटरवर आली असं धरू. होल्डरचं बूड दहा सेंटीमीटर रुंद असेल तर बुडाच्या एका कडेला वीस किलोची उचल बसते. दोन किलोच्या माशाने वीस किलोची! कप त्यामुळे सुटला. म्हणून बूड रुंद करा. दहा सेंटीमीटरच्या जागी चाळीस केलंत तर तीच ओढ पाच किलोवर येते, आणि पाच किलो साधी दोरीसुद्धा धरते.

थोडक्यात, चिकटवायचं नाही, बांधायचं. आणि जितकं पसरून बांधाल तितकं बरं.

---

चिंबोरी | रविवार, सकाळी ८.३०

क्रेट! मागच्या खोलगट जागेत प्लास्टिकची क्रेट. जगभर कयाकवर गरवणारे हेच करतात. दुधाच्या पिशव्यांची क्रेट मापाला चांगली असते, पण डेअरीच्या नावाची उचलून आणू नका, विकत घ्या. भाजीची मोठी क्रेट बहुतेक कयाकमध्ये मावत नाही, आधी मोजपट्टी लावा.

क्रेटच्या मागच्या दोन कोपऱ्यांना पीव्हीसी पाईपचे तुकडे केबल टायने बांधले की झाले रॉड होल्डर.

---

मालाडकर | रविवार, सकाळी ९.१०

@पाईपफिटर, गोंदाच्या बाटलीचं एकदम पटलं. @चिंबोरी, पाईप किती मापाचा? आणि कड्यांचे स्क्रू काढून जरा लांब स्क्रू टाकले, म्हणजे कडीबरोबर वर एखादा ब्रॅकेट बसला, तर? भोक जुनंच ना.

---

पाईपफिटर | रविवार, सकाळी ९.४५

जुनंच भोक वापरणं ही सगळ्यात हुशारीची गोष्ट आहे, नियमातही बसते. पण आधी बघा की आत नट आहे की स्क्रू नुसताच प्लास्टिकमध्ये पिळलेला आहे. नुसता पिळलेला असेल तर दोनदा काढघाल केली की भोक सैल होतं. नट असेल तर हॅचमधून (कयाकच्या पोटात हात घालायच्या झाकणातून) हात पोचतो का ते बघून मगच काढा. नट आत पडला तर कयाक खुळखुळ्यासारखी वाजत राहील. स्टेनलेस स्क्रू घेताना ३१६ ग्रेडचे मागा. ३०४ खाऱ्या पाण्यात तपकिरी डाग धरतं. नागदेवी स्ट्रीटला सुटे मिळतात, एक-एक नगसुद्धा देतात, फक्त दुपारी जेवणाच्या वेळी जाऊ नका.

पाईप चाळीस मिलिमीटरचा. रॉडची मूठ आत सैलसर बसली पाहिजे. लांबी एक फूट. वरच्या कडेला खाच पाडा, रिळाचा पाय तिच्यात अडकतो आणि रॉड गोल फिरत नाही. कड गरम करून बाटलीच्या बुडाने थोडी पसरवलीत तर रॉड पटकन आत जातो. पण ते काम गॅलरीत करा, जास्त तापलेल्या पीव्हीसीचा धूर वाईट असतो. केबल टाय काळेच घ्या, पांढरे उन्हात वर्षभरात बिस्किटासारखे मोडतात.

---

बिनपाण्याचा_मासा | रविवार, दुपारी १२.२०

एवढं करण्यापेक्षा बाजारातून आणलेली सुरमई स्वस्त पडते.

---

मनोरीवाली | रविवार, दुपारी ३.००

मी मनोरीची. माझे बाबा चाळीस वर्षं मासेमारी करतायत, मी स्वतः बँकेत आहे, पण खाडी ओळखते. दोन-तीन गोष्टी, कारण वरचे सगळे होल्डरबद्दलच बोलतायत.

बाबांच्या होडीवर प्रत्येक वस्तूला दोरी आहे. सुरीला, डब्याला, डबा धुवायच्या मगालासुद्धा. तंबाखूची डबीही खिशाला नाही, वल्ह्याच्या खुंटीला बांधलेली. लहानपणी आम्ही हसायचो. मालाडकर, तुमच्या रॉडला वीतभर दोरी असती तर तो आज घरी असता. रॉडला, पक्कडीला, वल्ह्याला दोरी हवीच. पण लांब लोंबकळती दोरी नको, पाण्यात पडलात तर तीच पायात अडकते. आखूड, आणि खेचली की सुटेल अशा हुकाची. सुरी लाइफ जॅकेटवर ठेवा, क्रेटमध्ये नाही.

दुसरं, एक काठ पूर्ण मोकळा ठेवा. उलटलात तर परत चढणार कुठून? पोटावर सरकत चढावं लागतं. दोन्हीकडे होल्डर आणि पाईप लावलेत तर बरगड्यांत घुसतील. खोटं वाटत असेल तर एकदा कमरेएवढ्या पाण्यात मुद्दाम उलटून बघा, सगळं सामान लावून. जे सुटायचं ते तिथेच सुटेल.

तिसरं, मार्वे-मनोरी फेरीबोटीच्या लाटा. आडव्या घेऊ नका, तोंड लाटेकडे वळवा. आणि भरतीची वेळ बघता ना? तिथीची पाऊणपट केली की ढोबळ वेळ निघते, अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती. मोठ्या उधाणाला आपल्याकडे चार मीटरच्या वर पाणी चढतं-उतरतं. नवशिक्याने अष्टमीच्या भांगाला, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं तेव्हा, जावं, ओढ कमी असते.

---

मालाडकर | रविवार, रात्री ९.३०

मनोरीवाली ताई, खूप आभार. तिथीचं गणित आईला विचारलं, ती म्हणाली, "तुला हे माहीत नव्हतं?"

---

जुनाखलाशी | सोमवार, सकाळी ६.१५

नांगराचं कोणी बोललं नाही. पोरांनो, कयाक वाहत्या पाण्यात कधीही काठाला, मधोमध नांगरू नका. पाणी आडवं येऊन दाबतं आणि पालथी करतं. नांगराची दोरी टोकाला आली पाहिजे, पुढच्या नाहीतर मागच्या.

आता टोकाला हात पोचत नाही, म्हणून ही युक्ती. पुढच्या आणि मागच्या हँडलला एक-एक छोटी कप्पी कॅराबिनरने (उघडझाप होणाऱ्या कडीने) अडकवा. दोन्ही कप्प्यांतून दोरी काठाकाठाने फिरवून तिची माळ करा आणि माळेत एक कडी गाठवा. नांगराची दोरी त्या कडीतून. माळ ओढली की कडी पुढे किंवा मागे जाते, तुम्ही जागेवर बसून. भोक लागत नाही, घरी आल्यावर दोन कॅराबिनर सोडले की कयाक होती तशी.

दीड किलोचा घडीचा नांगर पुरतो. दोरी वरच्या कडीला थेट बांधू नका. बुडाच्या भोकाला बांधा, मग दांड्यावरून आणून वरच्या कडीला एका बारीक केबल टायने धरून ठेवा. नांगर खडकात अडकला की जोर लावा, टाय तुटतो, ओढ बुडाकडून येते आणि नांगर उलटा होऊन निघतो. जुन्या जाळ्यांत माझे तीन गेले, तेव्हा शिकलो.

---

तंगूस | सोमवार, सकाळी ९.००

तिवरांच्या कडेला उथळ पाण्यात नांगरही नको, एक बांबू चिखलात रोवायचा आणि त्याला बांधायचं. मात्र ओहोटी लागली की आधी निघा. मी एकदा तासभर "अजून एक टाकतो" करत राहिलो आणि मग सहा तास चिखलात कयाकवर बसून होतो. पाव किलो शेंगदाणे होते म्हणून.

---

मालाडकर | पुढचा रविवार, संध्याकाळी ७.२०

अहवाल देतो.

क्रेट दादरहून आणली. पाईप आमच्या प्लंबरकडे उरलेला मिळाला. त्याला वाटलं मी गच्चीवर काही बेकायदेशीर करतोय. एकेका पाईपला चार काळे टाय, वर दोन आणि खाली दोन, फुलीसारखे. तरी पाईप गोल फिरत होते. मग पाईप आणि क्रेटच्या मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घातली आणि पुन्हा आवळले. आता दोन्ही हातांनी पिळला तरी हलत नाही. ही ट्यूब म्हणजे या सगळ्या प्रकल्पातली सगळ्यात कामाची वस्तू, तीस रुपयांत पंक्चरवाल्याने तीन दिल्या.

पहिल्यांदा क्रेट नुसती बंजीखाली सरकवली होती. पार्किंगमध्ये हलवून बघितली, भक्कम. पाण्यात पहिल्याच फेरीबोटीच्या लाटेला डावीकडे कलली आणि मी पण. पाईपफिटर म्हणाले ते इथे कळलं, बंजी वरून दाबते, बाजूला धरत नाही. परत येऊन क्रेटच्या चार खालच्या कोपऱ्यांतून चार पट्टे काढले आणि चार कड्यांकडे तिरके ताणले. सामानाच्या बॅगेला असतात तसले, बकलवाले. आता क्रेट ढकलली की अख्खी कयाक हलते.

मांडीसमोर एक फळी हवी होती, डबी आणि पक्कड ठेवायला. भाजी कापायचा जाड पांढरा प्लास्टिक बोर्ड घेतला, तोही पॉलिथिलीनच. त्याला मात्र मनसोक्त भोकं पाडली! खाली ट्यूबच्या पट्ट्या, दोन्ही टोकांना पट्टे, काठाच्या कड्यांना. फोन त्यावरच, पाऊचमध्ये, दोरीसकट. उजवा काठ मोकळा आहे.

पाण्यात उलटून बघितलं. क्रेट राहिली, बोर्ड राहिला. माझी चप्पल गेली.

मासा: एक तांबोशी, तळहाताएवढी, सोडून दिली.

एक शंका मात्र आहे. दर खेपेला घरी आल्यावर कयाकच्या पोटातून लिटर-दीड लिटर पाणी निघतं. हे नॉर्मल आहे का?

---

चिंबोरी | पुढचा रविवार, रात्री ८.००

फोटो टाका! थोडं पाणी हॅचमधून येतं, पण दीड लिटर जास्त आहे.

स्कपरच्या नळ्या तपासा. चाकाची गाडी स्कपरमध्ये खुपसून कयाक ओढली की तिथे तडा जातो, ती भिंत सगळ्यात पातळ. वजन स्कपरवर कधीच देऊ नये.

---

पाईपफिटर | पुढचा रविवार, रात्री ८.४०

साबणाच्या पाण्याची परीक्षा करा. कयाक उलटी-सुलटी कशीही ठेवा, पाणी काढायच्या बुचाच्या भोकातून हळू हवा भरा, ब्लोअर लांबून धरला तरी पुरे. जोरात नको, फुगेल. दुसऱ्याने स्पंजने सगळ्या कड्या, स्क्रू, हॅच, स्कपर यांवर साबणाचं पाणी लावत जायचं. जिथे बुडबुडा, तिथे भोक.

---

अंबरनाथी | सोमवार, दुपारी १.१०

मध्येच विचारतो. माझी हवेची कयाक आहे, फुगवायची. तिला यातलं काय चालेल?

---

तंगूस | सोमवार, दुपारी १.३०

पट्टे आणि तिच्या स्वतःच्या कड्या, बस. क्रेटखाली जाड रबरी चटई टाका, कोपरे कापडाला घासतात. आणि सुटे गळ अजिबात नकोत, प्रत्येक टोकावर बुचाचा तुकडा. कालवं चिकटलेल्या खडकांपासून लांब राहा.

---

मालाडकर | मंगळवार, रात्री ११.०५

मंडळी, बातमी आहे.

केली परीक्षा. मुलगा ब्लोअर धरून, मी स्पंज घेऊन, वॉचमन टॉर्च घेऊन. कड्या ठीक. स्कपर ठीक. हॅचला दोन-चार बुडबुडे. मग सीट काढली, आणि सीटच्या खाली, उजव्या अंगाला, साबणाचा फेस मस्त फुगू लागला. पुसून बघितलं तर दोन भोकं, शेजारी शेजारी, बोटाएवढ्या अंतरावर. त्यांत सिलिकॉन भरलेलं, कयाकच्याच रंगाचं, वरून सारखं केलेलं. कडेला नख लावलं तर अख्खा तुकडा निघून हातात आला. गोंदाच्या बाटलीसारखाच.

ही भोकं कंपनीची नाहीत. ड्रिलच्या कडेला अजून धागे सुटलेत.

---

जुनाखलाशी | बुधवार, सकाळी ६.०५

हा हा हा.

---

पाईपफिटर | बुधवार, सकाळी ८.१५

आता बुजवायचं कसं ते सांगतो. दोन स्टेनलेस बोल्ट, आत-बाहेर मोठे वॉशर, वॉशरखाली रबर (तुमची सायकलची ट्यूब!) आणि नायलॉनवाले नट. आवळताना रबर किंचित बाहेर फुगेल तेवढंच. हॅचमधून हात पोचत नसेल तर मुलाचा पोचेल. कायमचा उपाय म्हणजे त्याच प्लास्टिकने वेल्डिंग, पण ते साडूंच्या परवानगीने.

आणि बोल्ट घालणारच आहात, तर त्यांच्यावर एक छोटी पट्टी बसवून...

---

मनोरीवाली | बुधवार, सकाळी ९.३०

पाईपफिटर दादा, त्यांचा मोकळा काठ उजवाच आहे. तिथे काही बसवू नका.

---

मालाडकर | गुरुवार, रात्री १०.४५

बोल्ट लावले, पुन्हा साबण लावला, एकही बुडबुडा नाही. वर काही बसवलेलं नाही, ताईंचं ऐकलं.

साडूंना भोकांचा फोटो पाठवला, खाली फक्त प्रश्नचिन्ह. बराच वेळ "टायपिंग" दिसत होतं. मग उत्तर आलं: "तिथे चहाच्या थर्मासचा होल्डर होता. पहिल्याच दिवशी पाणी शिरलं. म्हणून तर तुम्हाला सांगितलं."

---

तंगूस | गुरुवार, रात्री १०.५२

थर्मास क्रेटमध्ये ठेवा. दोरी बांधून.